त्र्याहत्तरावी बाकी

गुडनी कागद घेऊन माडीवर निघाली, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. खाली तिचा दीर टॉरलाइफ कॉफी पीत बसला होता.

"वहिनी, पुरे की आता," तो म्हणाला. "दादाला जाऊन आठ महिने झाले. त्याचे आकडे किती दिवस उरावर घेऊन बसणार?"

"संपले आज. कागद ठेवून येते, मग मासा वाढते तुम्हाला."

एका तेहतीस आकडी संख्येला कशानेच भाग जात नाही, हे तिच्या नवऱ्याला, हाल्वारला, सिद्ध करायचं होतं. रीत सोपी, पण जीव काढणारी. चाराचा वर्ग करायचा, दोन वजा करायचे, त्या तेहतीस आकडी संख्येने भागायचं. उरेल त्या बाकीचा पुन्हा वर्ग. असं एकशे पाच वेळा. शेवटची बाकी शून्य आली, तर संख्या मूळ. तो माडीवर करायचा, ती खाली. एकमेकांची वही बघायची नाही, जेवताना विषय काढायचा नाही; दोघांचं झालं की कागद शेजारी ठेवायचे.

हाल्वार एकसष्टाव्या बाकीवर गेला. ती एकटीच करत राहिली, आणि आज तिची शेवटची बाकी शून्य आली नव्हती. माणूस तर गेलाच, वर त्याचं म्हणणंही खोटं ठरलं. तिला भरून आलं होतं.

माडीवर पेन्सिलीच्या ताज्या भुशाचा वास येत होता. टेबलावरच्या त्याच्या वहीत एकसष्टाच्या पुढची पानंही भरलेली होती. अक्षर त्याचंच. शेवटी शून्य.

त्र्याहत्तराव्या बाकीशेजारी बारीक लिहिलं होतं, 'गुडनी, इथे तुझा हातचा राहिला.'

ती बाकी तिने त्याला पुरून आल्याच्या दुपारी काढली होती.

"वहिनी..." खालून टॉरलाइफ म्हणाला, "वर काय खरखरतंय?"

"मीच आहे, भावजी..."

तिने त्र्याहत्तरापासून पुन्हा मांडलं. तीन महिने ती खाली लिहायची, आणि डोक्यावर माडीत पेन्सिल चालायची. आधी ती घाबरली, मग तिला सवय झाली, मग ती सकाळपासून त्या आवाजाची वाट बघू लागली.

मे महिन्यात तिचीही बाकी शून्य आली. हाल्वारचं खरं होतं. आता विद्यापीठाला एक पत्र घातलं, की त्याचं नाव झालं असतं. तिने कागद नेऊन त्याच्या वहीशेजारी ठेवला, आणि माडी गप्प झाली. त्या दिवशी आवाज नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आठवडाभर घर खायला उठलं.

रविवारी तिने कागद खाली आणला. शून्य खोडलं. एकशे चौथ्या बाकीपाशी आली आणि जाणूनबुजून एक हातचा सोडून दिला.

"जमलं का वहिनी?" टॉरलाइफने विचारलं.

"नाही हो भावजी," ती म्हणाली. "कुठेतरी चुकतंय माझं..."

वर कुणीतरी पेन्सिलीला टोक काढू लागलं. टॉरलाइफने माडीकडे पाहिलं आणि कॉफी तशीच टाकून उठला. गुडनीने पुढचं पान उलटलं.