बटण दाबल्यानंतरचा श्वास

"आधी बटण दाब. मग एक श्वास घे. मग बोल."

बाबांचा हा आवाज तिच्या कानात इतका मुरला होता, की वायरलेस सेट हातात घेतला की तो आपोआप वाजायचा. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये तपासनिसाची जी खुर्ची त्यांची होती, तीच आता तिची. प्रत्येक सेट तिच्या टेबलावर यायचा, ती त्यात बोलायची, समोरून जिवंत माणसाचं उत्तर आलं की मगच सही. आणि सकाळचा पहिला सेट बोलल्याशिवाय चहाला शिवायचं नाही, हा बाबांचा नेमही तिने जसाच्या तसा पुढे चालवला होता.

वर्कशॉपमध्ये तिला पाठीमागे 'सावकाश' म्हणत. तिला ते ठाऊक होतं... आणि तिची काही तक्रार नव्हती.

त्या सकाळी नवे सेट यायचे होते. जुने सेट डोंगर आडवा आला की मुके व्हायचे; नवे थेट आकाशातल्या उपग्रहाशी बोलणार होते. त्यातला एक नमुन्याचा सेट आदल्या दिवशीच तिच्या टेबलावर आला होता. तिने तो सुरू केला मात्र, आतून आवाज आला.

"...का कुणी? मी खाली अंगणात उभा आहे, माझ्याजवळ एकोणचाळीस सेट आहेत, आणि तुमचा पहारेकरी माझा फोटो आणि माझं तोंड गेली वीस मिनिटं जुळवून बघतोय. फोटोत मी हसत नव्हतो, ही माझी चूक. आता हसणं थांबवलंय, तरी सोडत नाही—"

तिने बटण दाबलं. श्वास घेतला.

"कोण बोलतंय?"

"हुश्श. केवढा वेळ. मला वाटलं, सेट गेला."

"सेट ठीक आहे. मी बोलायच्या आधी श्वास घेते."

"मी बोलून झाल्यावर घेतो. म्हणजे... वेळ मिळाला तर."

ती खिडकीशी गेली. खाली एक उंच, वाऱ्याने केस विस्कटलेला माणूस कानाशी सेट धरून उभा होता. त्याने वर पाहिलं. आता नुसती हाक मारली असती तरी ऐकू आलं असतं, पण तो सेटमध्येच बोलला, "खिडकीतल्या तुम्हीच का?"

तिने उगाचच ओढणी सारखी केली. "हो," ती म्हणाली. सेटमध्येच.

तो सेट बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर होता. चाळीस सेट तपासून सही झाली की परत जाणार होता, दूरच्या मुख्य कचेरीत. भांडार सांभाळणाऱ्या काकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'धबधबा' ठेवलं. "एकदा सुरू झाला की खाली पडेपर्यंत थांबत नाही," ते म्हणाले.

रोज तो मागच्या खोलीत स्टुलावर बसायचा. ती बोलायची, तो तिथल्या दुसऱ्या सेटवरून उत्तर द्यायचा, आणि उत्तराच्या मागे आणखी दहा वाक्यं.

"अजून चहा नाही घेतलात?"

"पहिला सेट बोलू दे."

"मी बोललो तर नाही चालत?"

"तुमच्यावर सही करायची पद्धत नाही."

धबधबा आटला होता. ती मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहीत राहिली. नंतर पाहिलं तर नुसत्या रेघा ओढल्या होत्या.

पहिल्या आठवड्यात पंचवीस सेट झाले. त्यातले दहा लगेच वरच्या चौकीवर गेले. दुसऱ्या आठवड्यात मात्र तिचा हात मंदावला. एकेका सेटचं झाकण ती दोनदोनदा उघडू लागली. काका चष्म्यावरून बघायचे. "काल तीन, आज दोनच. सेट जड झालेत, का हात?"

"नीट बघायला नको का, काका?"

"बघ बाई, नीट बघ. सेटकडेही बघ अधूनमधून."

चाळीसाव्या सेटवर सही झाली, तेव्हा दुपारची उन्हं टेबलावर आली होती. तो समोर येऊन उभा राहिला.

"उद्या मी जाणार," तो म्हणाला. "पण... नाही गेलो तर? इथे देखभालीसाठी एक माणूस लागणारच आहे. मी अर्ज करू शकतो. पण नुसत्या सेटांसाठी नाही करणार. तुम्ही म्हणालात तर करीन."

तिने त्याच्याकडे पाहिलं. श्वास घेतला...

आणि दार उघडून मेजरसाहेब आत आले.

"वरच्या चौकीवर नव्या सेटवरून पहिला शब्द पोचत नाही. सकाळी दरडीपाशी पुढच्या जवानांनी मागच्या गाडीला 'थांबा' म्हणून सांगितलं. चालकाला नुसती खरखर ऐकू आली. त्याने आपल्या अकलेने ब्रेक लावला म्हणून बरं. सही कुणाची आहे?"

"माझी," ती म्हणाली.

तिने लगेच एक सेट उचलला. बटण, श्वास, शब्द. मागच्या खोलीत काकांना लख्ख ऐकू आलं. दुसरा सेट, तेच. मग ती त्याला म्हणाली, "तुम्ही बोला. एकच शब्द. बटण दाबल्याबरोबर."

तो बोलला. मागच्या खोलीतून काका ओरडले, "बोला की कुणीतरी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिला अंगणातली ती पहिली सकाळ आठवली. त्याचं वाक्य तेव्हाही मधूनच सुरू झालं होतं. तिला वाटलं होतं, सेट सुरू करायला आपल्यालाच उशीर झाला.

"सेटला उपग्रह गाठायला अर्धा सेकंद लागतो," तो हळू म्हणाला. "तेवढ्यात बोललेलं हवेत जातं. आणि तुम्ही तेवढाच वेळ..."

"श्वास घेते," ती म्हणाली. "चाळीसही वेळा घेतला. दोष माझ्या श्वासाखाली झाकला गेला."

"आणि माझे पहिले दोन शब्द गेले तरी मागून पन्नास येतात. मला कसं कळणार?" त्याने डोकं खाजवलं. "जवान बिचारा एकच शब्द बोलतो."

"चूक माझी आहे, साहेब," ती मेजरसाहेबांना म्हणाली.

"सेट माझा आहे, साहेब. चूक माझी," तो म्हणाला.

"वाटणी नंतर करा," मेजरसाहेब म्हणाले. "तोवर चौकीवर जुने सेट वापरतील. मला नवे बोलते करून द्या."

तो त्याच संध्याकाळी वर जायला निघाला. चौकीवरची थंडी आणि कड्यांमधलं चिंचोळं आकाश, तिथेच बसून दुरुस्ती केली तर ती खरी. गाडीशी ती त्याला सोडायला गेली.

"वरून पहिला शब्द धडपणे येईपर्यंत मी चहा घेणार नाही," ती म्हणाली.

"अहो, किती दिवस लागतील कुणास ठाऊक."

"लागू देत."

"आणि माझं उत्तर?"

तिने नजर खाली वळवली. "तेही तेव्हाच. पण सेटवर नाही देणार, अख्खं वर्कशॉप ऐकतं. समोर येऊन देईन."

"वर? चौकीवर?"

"चाळीस सह्या पुन्हा करायच्या आहेत. त्यातले दहा सेट वरच आहेत, यावं लागणारच."

"वचन?"

तिने श्वास घेतला. "वचन."

नऊ दिवस गेले. सकाळी डोकं ठणकायचं, कपाटातली कपबशी दिसली की ती तोंड फिरवायची. आई एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाबांनी एवढं कडक कधी नाही पाळलं हो. हा उपास सेटसाठी चाललाय, का सेटवाल्यासाठी?"

"आई..."

"विचारलं नुसतं. उत्तर द्यायला श्वास घेशीलच, तोवर माझी भाजी होईल निवडून."

आठव्या दिवशी त्याने वरून रसदीच्या गाडीबरोबर सेटांच्या प्रोग्रॅममधला बदल पाठवला होता. तो तिने खालच्या सगळ्या सेटांमध्ये घातला. सोबत दोनच ओळींची चिठ्ठी होती: 'सेट आता तुमच्यासारखा केलाय. शब्द मनात धरून ठेवतो, वाट मोकळी झाली की सोडतो.' ती चिठ्ठी तिने बाबांच्या जुन्या वहीत ठेवली.

दहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला टेबलावरचा सेट बोलला.

"सावकाश."

पहिला शब्द. काठोकाठ, कुठेही न तुटलेला. वर्कशॉपमधले हात जागच्या जागी थांबले. हे नाव त्याला कुणी सांगितलं ते काकांच्या खाली गेलेल्या मानेवरून कळतच होतं.

"सावकाश, चहा घ्या. ओव्हर."

तेवढंच. मागे पन्नास शब्द नाहीत, दहाही नाहीत. वर तो वाट बघत होता. चार तासांच्या घाटापलीकडची ती वाट बघणारी शांतता तिला सेटमधून ऐकू येत होती.

तिने बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदाच मध्ये श्वास घेतला नाही.

"नको. तिथे येऊन घेते. ओव्हर."

वरून एक लांब सोडलेला श्वास तेवढा आला.

काकांनी चहावाल्या बाईंकडून थर्मास भरून आणला, पुसला आणि तिच्या टेबलावर ठेवला. शेजारी दोन कप. एकाचा कान तुटका होता, तो त्यांनी परत नेऊन चांगला आणला.

तिने सह्यांचे चाळीस कागद पिशवीत घातले. आईला फोन केला. "वर जातेय. उद्या येईन."

"ठीक," आई म्हणाली. "स्वेटर घे. दोन घे."

रसदीची गाडी दारातून निघत होती. ती पुढे चालकाच्या शेजारी बसली, थर्मास मांडीवर.

"ताई, घाटात थंडी वाजेल," चालक म्हणाला. "वाटेत उघडायचा का तो?"

"वर गेल्यावर," ती म्हणाली, आणि झाकण आणखी थोडं घट्ट केलं.