मडमेचा डावा हात

बजरंग, दार नुसतं लोट, कडी नको. अर्पिता, मोबाइल खाली ठेव. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो शिवकांत इथेच, पिंगळीत, स्टेशनच्या मागच्या गल्लीत राहतो. उद्या जाऊन विचारा. पूर्वी सांगायचा, आता सांगणार नाही, पण नाही असंही म्हणणार नाही.

त्याचा धंदा जुन्या वस्तूंचा. पितळेच्या समया, निजामाची नाणी. मोबाइलवर जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यात फोटो टाकायचे आणि गिऱ्हाईक धरायचं. गेल्या साली पालमहून निरोप आला. मल्लम्मा नावाच्या म्हातारीकडे विलायती चिनी मातीची एक मडम, म्हणजे गोऱ्या बाईची बाहुली आहे, विकायची आहे. डिसेंबरची तीन तारीख, बुधवार, दुसऱ्या दिवशी दत्तजयंती. शिवकांत सकाळच्या एसटीने गेला.

मडम वीतभर उंच. झालरीचा झगा, खुर्चीवर बसलेली, डावा हात पुढे केलेला. बुडाला कारखान्याची निळी खूण. हातावर पूर्वी एक पाखरू होतं म्हणे, ते कधीच तुटलं. त्या जागी लाखेने काहीतरी बसवलेलं. काळं, गुळगुळीत, सुपारीएवढं.

शिवकांत स्वतः लिंगायत, त्याच्याही गळ्यात तसंच लिंग. त्याला लगेच कळलं. "मावशी, हे तर इष्टलिंग हाय."

"माझ्या नणंदेचं. नऊ वर्षांची असताना गेली ती," म्हातारी म्हणाली. "आपल्यात बसवून पुरत्यात, डाव्या हातात लिंग देत्यात. घाईत द्यायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी उशीखाली घावलं. आता माती उकरायची कशी? ही मडम बसलेली, हात पुढं. सासूबाईनं हिच्या हातात दिलं."

"आन आता इकायलाव?"

"माझ्यामागं बघायला कोन हाय? कुनी काचंत तरी ठेवंल. पर त्या हाताला हात लावायचा न्हाई. तेवढा शब्द दे."

शिवकांतने दिला.

संध्याकाळी फोटो टाकले. हैदराबादचे एक साहेब मागेच लागले, पण संशयी माणूस. बूड दाखवा, मान दाखवा. नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना, त्याच्या उजेडात जोडकाम वेगळं चमकतं. शिवकांतने किराणा दुकानातून तो मागून आणला, सगळे फोटो पाठवले. तरी साहेबांचा फोन आला. "हात जोडलेला आहे. जोड झाकायला ते काळं चिकटवलंय. काढून दाखवा, नाहीतर तुम्ही खोटा माल खपवता असं मी ग्रुपवर लिहितो."

त्याचं सगळं दुकान म्हणजे तो ग्रुप. तिथे नाव गेलं की धंदा बसला. आणि खरं सांगू, त्यालाही म्हातारीचा संशय यायला लागला होता. जोड लपवायला तिने नणंदेची कहाणी रचली असली तर?

त्याची बायको शिवानी म्हणाली, "शब्द दिलाव ना तुमी?"

"नुसतं बघतो. लगेच बसवतो परत."

पावणेबाराला त्याने चाकू तापवला. लाख सुटली. लिंग काडेपेटीत ठेवलं. खाली जोड नव्हता. पाखरू तुटल्याचा तडाही नव्हता. कोरा, पांढरा तळहात. फोटो गेला, साहेबांचं उत्तर आलं: अस्सल आहे, सकाळी माणूस पाठवतो.

लिंग सकाळी बसवू, म्हणून शिवकांत झोपला.

दोन वाजून दहा मिनिटांनी मालगाडी गेली. गाडी गेली की त्याच्या फळीवरचं पितळ थरथरतं. रोजचंच. गाडी लांब गेली. पितळ गप्प झालं.

एक आवाज मात्र राहिला. नखाने बशी वाजवावी तसा. ठक... ठक... जमिनीवरून.

"शिवानी?"

ती शेजारीच झोपलेली. श्वास चालू.

आवाज खाटेपाशी आला. थांबला.

त्याची डावी मूठ मिटलेली होती. कुणीतरी ती उघडायला लागलं. बारीक बोटं. गार. ओढाताण नाही. एक बोट उचललं... मग दुसरं... लहान पोरगी करते तसं. काय लपवलंस, दाखव.

 

मूठ उघडली. तळहात चाचपला. कडेकडेने. पुन्हा एकदा.

रिकामा.

मग... बराच वेळ काहीच नाही.

उजाडल्यावर बघितलं तर मडम फळीवर, लिंग काडेपेटीत. त्याने लाख वितळवून लिंग होतं तसं बसवलं आणि पहिल्या एसटीने पालम गाठून मडम परत दिली. साहेबांना कळवलं, विकायची नाही. साहेब चिडले, ग्रुपवर लिहिलं: माल खोटा होता म्हणून माघार घेतली. तेव्हापासून शिवकांतकडे कुणी वस्तू मागत नाही. स्टेशनवर चहा विकतो.

काय म्हणालीस अर्पिता? माझा विश्वास बसला का?

नाही बसला. हात जोडलेलाच असणार आणि अंगाशी आलं म्हणून हा भुताची गोष्ट सांगत फिरला, असं मी धरून चाललो होतो. एके संध्याकाळी त्याच्या टपरीवर तोंडावर म्हणालो तसं.  त्याने किटली खाली ठेवली, डावा हात माझ्यापुढे उघडला. पूजेला लिंग ज्या हातावर घेतात, तो.

रेषा नव्हत्या. एकही नाही. पांढरा, गुळगुळीत...

टपरीत वर बल्ब लावलेला होता. तो मला त्याच्या तळहातात दिसला.