चुन्याची रेघ

लाइन गेली तं जाऊ द्या, पोरहो. कंदील लावू नका. ही गोष्ट उजेडात सांगाची नाई, आन् खोटीही नाई. आमच्या वडशाच्या अयूबभाईनं सोता मले सांगितली.

सत्याऐंशी साल. पौषातली अवस. शंकरपट, म्हंजे बैलांच्या शर्यती, झाला का राती नाटक, हे आपल्या झाडीपट्टीत ठरलेलं. अयूब नाटकाच्या बत्त्या सांभाळे. दुपारीच बैलबंडीत वायर अन् बल्ब भरून सहा कोसांवरच्या गावाले निघाला. संगं मुखरू. मुखरूचं काम अंधारातलं. प्रवेश संपला का अयूब बत्त्या घालवे, आन् मुखरू काळा सदरा घालून, तोंडाले काळा दुपट्टा बांधून खाट-खुर्च्या बदलवे. जागा सापडावी म्हणून फळ्यांवर आधीच ओल्या चुन्याच्या टिकल्या लावे. खाटेत सापडून त्याचं एक बोट वाकडं झालं होतं, तवाही गड्यानं हूं का चूं केलं नोतं.

त्यानं नुकताच व्हिडिओवर निंजाचा, त्या जपानी छुप्या लढवय्यांचा, पिक्चर पायला होता. बंडीत दुसरी गोष्टच नाई.

"ते लोकं मारामारीचे नाई जी, अयूबभाई. मारामारी तं शेवटी. आधी रातभर छतावर बसून राह्यते. मुंगी चावली तरी हालत नाई. काम दिसलं पायजे, माणूस नाई. मरतानी बी आवाज काढत नाई."

"मंग तू आपल्या झाडीचा निंजा," अयूब हसला.

बिचाऱ्याले ते खरंच वाटलं. जलमभर कोणी त्याचं कवतिक केलं नोतं.

रात्री अडीच वाजता तिसऱ्या अंकातला अंधार झाला. खाट स्टेजखाली धानाच्या तणसीत ठेवली होती. थंडीचं तिथी इखारी जनावर शिरलं होतं. मुखरूनं हात घातला. खाट लावली. मंग अयूबच्या बटनांच्या बोर्डाजवळ येऊन बसला. त्याचा हात धरला. बोलाले म्हणून दुपट्टा खाली केला...

समोर नायिका रडून राह्यली होती. हजार माणूस चूप. अयूबनं ओठावर बोट ठेवलं.

मुखरूनं दुपट्टा वर केला.

पुढचा प्रवेशही त्यानंच बदलवला. पाहाटे पडदा पडला तवा तो विंगेत टेकून बसलेला होता. हातावर दातांच्या दोन खुणा.

बंडी होती, पोरहो. चार कोसांवर दवाखाना होता. एक शब्द ऐकला असता तं माणूस वाचला असता. त्याची बायको बायनाबाई भेटली का एकच विचारे, "भाऊ, काई बोलले का जी शेवटी?" हे सांगतानी अयूब माह्या समोर लेकरासारखा रडला.

पुढच्या साली तेच गाव, तीच अवस. लोकं म्हणत, नको जाऊ. अयूब गेला. त्याले तो शब्द ऐकाचा होता.

अडीच वाजता त्यानं बत्त्या घालवल्या. नवा गडी भेला, जागचा हालला नाई.

खाट सरकली...

पावलांचा आवाज नाई. तणसीचा वास आला. बाजूले कोणीतरी बसलं. हात धरला. गारठलेला हात.

"मुखरू," अयूब म्हणाला. "बोल. मी ऐकून राह्यलो. बायनाबाईले काय सांगू? बोल..."

मंग अयूबच्या ओठांवर एक बोट आलं.

बत्त्या लागल्या. खाट टिकल्यांवर बरोबर बसली होती. त्या साली टिकल्या कोणी लावल्याच नोत्या. आन् अयूबच्या ओठांवर ओल्या चुन्याची उभी रेघ. त्यानं पुसली, धुतली. चामडी भाजली, डाग राह्यला.

मागच्या हिवाळ्यात अयूब वारला. मी तोंड पायलं. बायनाबाई म्हातारी झाली, तरी आली होती. तिनं ती रेघ पायली, मंग कितीतरी वेळ पाहून राह्यली. तिनं काई विचारलं नाई.

रेघ सरळ नोती. मधात वाकडी होती.