दाराआडची मिठी

त्या वर्षी हॅलोविन, मुलांनी सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागायचा सण, शनिवारी आला होता. मी सकाळपासून स्वयंपाकघरात बसून नारिंगी पुठ्ठ्याचे भोपळे कापत होते. साथीचे दिवस. मुलांना दारोदार नेऊ नका, असं आरोग्य खात्याचं पत्रक आलं होतं. अमेरिकेतल्या आमच्या डुलुथ गावात लोक तसे सरळ. पत्रक आलं की पाळतात. समोरच्या नॉर्मनं मात्र ओट्याच्या कठड्याला एक लांब पाइप बांधला होता. वरून चॉकलेट सोडायचं, खाली मुलानं पिशवी धरायची, म्हणजे मधे अंतर राहतं. त्याची बायको रस्त्यापलीकडून मला ओरडून म्हणाली, "बघितलंस? न्हाणीतला नळ दोन वर्षं गळतोय, तिथं ह्याचं डोकं चालत नाही. इथं बघ कसं चाललं!"

मी हसले, पण मुलांना तिथंही पाठवणार नव्हते. कारण माझा नवरा. वेन्डल हॉस्पिटलात श्वासाच्या यंत्रांवर काम करतो. मार्चपासून तो तळघरात राहत होता. गॅरेजमध्ये कपडे काढायचे, तळघरात आंघोळ, तिथंच झोप. जेवणाचं ताट मी जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायची आणि दार लावून घ्यायची. मुलं त्याला मागच्या काचेच्या दारातून बघायची. टिल्डा सात वर्षांची, तिला कळत होतं. ओटो चार वर्षांचा. तो काचेला दोन्ही तळवे आणि गाल चिकटवून उभा राहायचा, आणि रोज एकच विचारायचा, "आज मिठी चालेल?" मी रोज "नाही रे राजा" म्हणायची. वेन्डल तर वळून तळघरात निघून जायचा.

म्हणून मी घरातल्या घरात हॅलोविन करायचं ठरवलं. आमचं घर जुनं, लाकडी. वरच्या मजल्यावर एक लांब बोळ आहे आणि त्याच्या एका बाजूला ओळीनं झोपायची खोली, न्हाणीघर आणि माझी शिवणाची खोली. तिन्ही खोल्या आतल्या दारांनी एकमेकींना जोडलेल्या. तळघरातून मागचा अरुंद जिना थेट झोपायच्या खोलीत निघतो. बेत असा, की वेन्डलनं त्या जिन्यानं वर यायचं, तोंडाला पट्टी, हातात भांडी घासायचे लांब पिवळे रबरी मोजे. मुलं बोळातून एकेक दार वाजवत जातील. तो आतून आतून पुढच्या खोलीत सरकेल, दार वीतभर उघडेल आणि फटीतून फक्त हात बाहेर काढून खाऊ देईल. बोलायचं नाही, बाहेर यायचं नाही, शिवायचं नाही. मुलांनाही मी बजावून ठेवलं होतं.

"पण बाबाच असेल ना आत?" टिल्डानं विचारलं.

"बाबाच असणार. दुसरं कोण मरायला येतंय आपल्या न्हाणीघरात?" मी म्हटलं.

दुपारनंतर सरोवरावरून धुकं चढून आलं. बंदराकडून बोटीचा भोंगा थांबून थांबून वाजत होता. वेन्डलची पाळी संपायची वेळ झाली होती. मी दारापुढच्या ओट्यावरचा दिवा मालवला, म्हणजे कुणी चुकून दाराशी येऊ नये. आमच्याकडे दिवा बंद असला की मुलं त्या घराला हात लावत नाहीत. टिल्डाला बोटीच्या कप्तानाची टोपी घातली. ओटोला घुबड व्हायचं होतं, त्याच्या स्वेटरवर मी कागदाची पिसं शिवली होती. तेवढ्यात खाली तळघराचं दार वाजलं. नळांमधून पाणी धावल्याचा आवाज आला, जुन्या घरात तो भिंतीतून ऐकू येतो. थोड्या वेळानं मागच्या जिन्यावर पावलं. मी मनात म्हटलं, आला बिचारा, दमला असेल, तरी आला.

आम्ही तिघं वर गेलो. बोळातला दिवा मी मुद्दाम लावला नव्हता, दारांवर चिकटवलेल्या भोपळ्यांशी छोटे बॅटरीचे दिवे तेवढे होते. टिल्डानं पहिलं दार वाजवलं आणि दोघं ओरडली, "खाऊ दे, नाहीतर खोडी काढू!"

दार हळूच उघडलं. वीतभरच. आत काळोख होता. पिवळा मोजा घातलेला हात बाहेर आला आणि दोघांच्या पिशव्यांत एकेक चॉकलेट पडलं. हॉस्पिटलच्या साबणाचा ओळखीचा वास आला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कितीतरी महिन्यांनी आम्ही चौघं एका मजल्यावर होतो.

न्हाणीघराच्या दाराशी ओटोनं हात पुढे केला. मोज्याच्या बोटांना लावणार, तेवढ्यात मी त्याला मागे ओढलं. "शिवायचं नाही. ठरलंय ना?" हात लगेच आत गेला नाही. तिथंच थांबला, तळवा वर करून. मला वाटलं, वेन्डललाही मोह झाला असणार.

तिसरं दार, शिवणाच्या खोलीचं. तिथं हात जरा उशिरानं आला, आणि खालून आला. म्हणजे दाराच्या मधल्या उंचीवरून नाही, मुलांच्या कमरेच्या उंचीवरून. मी समजले, गुडघ्यावर बसला असेल. माणूस गोष्टी समजून घेतच जातो, नाही का?

तेव्हा माझ्या खिशातला फोन वाजला. वेन्डल होता.

"अगं, माफ कर. पाळी संपली आणि गाडीत बसल्या बसल्या डोळा लागला माझा. अजून हॉस्पिटलच्या आवारातच आहे. सुरुवात करू नका, निघालोच मी."

मी बंद दाराकडे बघत राहिले. "वेन्डल… थट्टा करतोयस का?"

"थट्टा कसली?"

"तू वर नाहीस?"

"वर कुठं? सिग्ने, काय झालं? आवाज असा का येतोय तुझा?"

त्याच्यामागे रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत होता. स्पष्ट. आणि दाराआड, शिवणाच्या खोलीत, लाकडी जमीन एकदा करकरली. मी टिल्डाचा हात पकडला. दुसरा हात ओटोसाठी मागे केला, तर तिथं ओटो नव्हता.

तो बोळाच्या टोकाला गेला होता. तिथं टॉवेल आणि पांघरुणं ठेवायचं कपाट आहे, माणूस उभा राहील एवढं खोल. त्याच्या दारावर मी भोपळा चिकटवला नव्हता. ते खोल्यांना जोडलेलं नाही, त्यात जायला बोळातूनच जावं लागतं, आणि बोळात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. ओटोनं इवल्याशा मुठीनं दार वाजवलं. "खाऊ दे…" तो म्हणाला.

दार उघडलं.

या वेळी साबणाचा वास नव्हता. ओल्या लोकरीचा होता, मुलांचे हातमोजे हिवाळ्यात वाळत घातल्यावर येतो तो. आणि एक गार झोत. ओटो आत मान करून काहीतरी ऐकत होता. मग त्याचा चेहरा असा फुलला, की मी तो जन्मात विसरणार नाही.

"खरंच? आज चालेल?" तो म्हणाला, आणि आत शिरला. दार लागलं.

मी धावले. कडी ओढली, दार हलेना. त्याला कुलूप नाही, आतून कडी नाही, तरी हलेना. मी ओरडत होते, टिल्डा माझा झगा धरून रडत होती, आणि फोनमधून वेन्डल "सिग्ने! सिग्ने!" करत होता. मग एकदम दार सुटलं आणि मी मागे आपटले. आत दुमडलेल्या पांघरुणांवर ओटो बसला होता. डोळे मिटलेले, दोन्ही हात कुणाच्या तरी गळ्यात टाकल्यासारखे हवेत गोल. मी त्याला उचलला तेव्हा त्यानं डोळे उघडले. "संपलं?" त्यानं विचारलं.

मी दोघांना घेऊन खाली पळाले आणि मागच्या काचेच्या दाराशी, सगळे दिवे लावून बसले. वेन्डल आला तो धुक्यातून धावतच. आधी बॅटरी घेऊन सगळं घर हिंडला, आम्हाला बाहेर अंगणात उभं करून. कुणी नव्हतं. तळघराला बाहेरून कुलूप होतं, तिथली न्हाणी कोरडी होती. पिवळे मोजे तर न फोडलेल्या पाकिटात तसेच पडले होते. मुलांच्या पिशव्यांत चॉकलेटं मात्र होती. मी ती मोजलीही नाहीत, सरळ कचऱ्यात टाकली.

मग आम्ही काचेच्या आत आणि तो बाहेर, नेहमीसारखे उभे राहिलो. मला वाटत होतं मला ताप आलाय. दोन दिवसांनी तपासणी केली, काही निघालं नाही. माझं मलाच कळेना, काय झालं म्हणू आणि काय नाही म्हणू.

"मी काय सांगतो ते ऐक," वेन्डल म्हणाला. काचेमुळे त्याचा आवाज दबका येत होता. "हसू नकोस. गाडीत मला स्वप्न पडलं होतं. मी वर बोळात होतो, दारं उघडत होतो. आणि तुझ्याशी बोलून फोन कानालाच धरून बसलो होतो ना, तेव्हा जागेपणी, सिग्ने, मला मुलांचं वजन लागलं. छातीवर. मार्चपासून पहिल्यांदा." त्याचे डोळे भरून आले. मग मलाही रडू फुटलं. भीती जराशी ओसरली. म्हटलं, असेल बाबा, बापाचा जीवच तो, त्याला कुठलं अंतर अडवणार? असं काही असतं का, ठाऊक नाही. पण त्या क्षणी मी ते मानलं.

"दोघंही आली कुशीत," तो डोळे पुसत म्हणाला. "ओटो इकडून आणि टिल्डा तिकडून. पण टिल्डा किती गार पडली होती गं! तिला काहीतरी उबदार घाल."

टिल्डाच म्हणाली, "बाबा, मी गेलेच नाही आत. मी आईजवळ होते."

वेन्डल तिच्याकडे बघत राहिला.

"ती टिल्डा नव्हती," ओटो म्हणाला. अगदी सहज, कागदाची पिसं उपटत. "ती दुसरी मुलगी. कपाटात होती ना, तिनंच दार उघडलं. तिचे बाबा हॉस्पिटलातून आलेच नाहीत. ती रडत होती. म्हणून मी म्हटलं, माझा बाबा घे. आजच्यापुरता."

"मग?" मी विचारलं.

"ती म्हणाली, आजच्यापुरता नको."

बाहेर बोटीचा भोंगा वाजला. वेन्डल काचेवर हात टेकून उभा होता. मी म्हटलं, नियम गेले खड्ड्यात, आज तू वरच झोप, आमच्याजवळ. पण तो मान हलवून म्हणाला, "वेडी आहेस का? वॉर्डातून आलोय मी. मुलांना काही झालं तर?" बरोबरच होतं त्याचं. साथीत बरोबर असणं फार सोपं होतं. तो वळला आणि घराच्या कडेनं तळघराच्या दाराकडे गेला. जाताना डाव्या बाजूला किंचित झुकून, अगदी बारीक पावलं टाकत चालला होता, लहान मूल बोट धरून चालत असलं की आपण चालतो तसा. दमलाय, मी स्वतःला सांगितलं.

पुढे लस आली. तोंडावरच्या पट्ट्या गेल्या, शाळा उघडल्या, नॉर्मनं पाइप काढून एकदाचा न्हाणीत बसवला. वेन्डल मात्र अजून खालीच झोपतो. पाठीला तिथली गादी बरी पडते, म्हणतो. मुलांना जवळ घेतो, नाही असं नाही, पण एकाच हातानं. ओटो आता मिठीचं विचारत नाही.

परवा संध्याकाळी मी तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी उभी राहून म्हटलं, "वेन्डल, पुरे झालं. आज वर ये."

"येतो गं," खालून आवाज आला, अगदी हळू, कुणाची झोपमोड होऊ नये असा. "आधी हिला झोपवतो."

"कुणाला?"

मग तो जिन्याखाली येऊन माझ्याकडे बघत उभा राहिला, खरोखरच गोंधळलेला. "कुणाला म्हणजे? काय कुणाला?"