असू दे नावाचं औषध

बाळंतिणींच्या वॉर्डात आता कण्हणं ऐकू येत नाही. टाके ओढतात, पोटात कळा येतात, कंबर धरते. सगळं आजीच्या काळात होतं तसंच होतं. फरक एवढाच, की कुणीतरी एक शब्द उच्चारतं आणि बाई सैल पडते.

त्याला सैलशब्द म्हणतात. यात जादू नाही. चिंच म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं, तेवढंच हे विज्ञान. सातव्या महिन्यापासून पोटाला पट्टा बांधतात. बाई लांब श्वास सोडते, स्नायू ढिले होतात, आणि नेमक्या त्या क्षणी पट्टा तिनंच निवडलेला शब्द तिला ऐकवतो. दहा आठवड्यांत शरीर शिकतं. ताण असला की दुखणं वाढतं, ताण गेला की उतरतं. शब्द मात्र दुसऱ्यानं बोलावा लागतो, कारण कळ आली की आपला श्वास आपल्या ताब्यात नसतो. म्हणून प्रसूतिकेंद्रवाले सांगतात, घरात सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द निवडा. घरात बाईच्या वाट्याला कुठले शब्द येतात, याचा विचार कुणी केला नाही. करणार कोण?

बसचालक वैजयंता लोखंडेनं निवडला 'असू दे'.

बाळंतपणानंतर बाविसाव्या दिवशी ती डॉ. शिरीन मुजावरांसमोर येऊन बसली. ही पद्धत त्यांनीच शोधलेली.

"माझा शब्द काढून टाका."

"दुखणं थांबत नाही का?"

"थांबतं की. सगळंच थांबतं. काल सासूबाईंनी नोकरी सोडायचा अर्ज पुढं केला. मी म्हटलं, हात तोडला तरी सही करणार नाही. त्या तो शब्द म्हणाल्या. माझी मूठ उघडली, मॅडम. सही केली, वर त्यांना चहा करून दिला."

"त्यांनी मुद्दाम केलं?"

"छे. त्या जन्मभर तेच म्हणत आल्यात. त्यांना त्यांच्या सासूनं तेच ऐकवलं."

शिरीननं चष्मा काढला. "राग आणि वेदना यांना शरीरात वेगळ्या खोल्या नाहीत. जबडा तोच, मूठ तीच, श्वासही तोच. एक सैल केलं की दुसरंही जातं."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"आम्ही वेदना मोजत होतो. राग कुणी मोजला नाही."

"मोजाल कशाला? बाळंतीण म्हणजे..."

तेवढ्यात बाहेर आयाबाई कुणाला तरी म्हणाली, "असू दे, असू दे, चपला घालूनच या."

वैजयंताचे खांदे खाली आले. कपाळावरची आठी पुसली गेली. "जाऊ दे, मॅडम," ती गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार?"

शिरीननं उठून दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी वैजयंताचा जबडा पुन्हा आवळला. "बघितलंत?"

"बघितलं. शब्द काढता येतो. त्याला विटवणं म्हणतात, चाचण्यांच्या वेळी करून पाहिलंय. इंजेक्शननं कळा आणायच्या आणि ऐन कळेत तोच शब्द पुन्हा पुन्हा ऐकवायचा, श्वासाला आधार न देता. तीन तासांत शरीर त्याला विटतं. पण नंतर दुसरा शब्द धरत नाही. टाके, कळा, सगळं पुरतं दुखेल. पुढच्या बाळंतपणातही."

"अर्ज उद्या अकराला डेपोच्या साहेबांपुढं जाईल. तो परत घ्यायला मी जाणार, नवरा बरोबर येणार, आणि तो काय बोलणार ते मला ठाऊक आहे. सुरू करा."

त्या दुपारी वॉर्डानं कित्येक वर्षांनी ओरडणं ऐकलं. नर्स धावत आल्या. शिरीननं त्यांना हातानंच परत पाठवलं.

तीन तासांनी शिरीननं तो शब्द अगदी मायेनं म्हणून पाहिला. "असू दे."

"काय असू दे?" वैजयंतानं डोळे वटारले.

शिरीनला हसू आलं. वैजयंता भिंत धरून, वाकूनच उठली. दारात थांबून म्हणाली, "हाच शब्द आणखी कुणी घेतलाय का हो?"

"जिल्ह्यात दहातल्या सात जणींनी."

"आणि काढायला किती आल्या?"

"तुम्ही पहिल्या."

"का? त्यांना कुणी विचारत नाही?"

"दर महिन्याला विचारतो. काही तक्रार आहे का, म्हणून." शिरीनचं हसू मावळलं होतं. "सगळ्या सांगतात, काही नाही."