आईच्या शेजारची खोली

विश्रामगृहाच्या किल्ल्या हातात पडल्या तेव्हा सगळं नेहमीसारखंच होतं. आईच्या छातीला डोंगरावरची हवा मानवते, म्हणून वडील गेल्यापासून आम्ही दर वर्षी तिथं जात असू. आई, ताई, काका आणि मी. माणसं चार, आणि व्हरांड्याला लागून ओळीनं खोल्या पाच. पाचवी परक्याला दिली तर त्याच्या खोकल्यानं आईची झोप मोडेल, असं सांगून काका आख्खी रांगच घेत.

काकांचा जन्म नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर गेला. कोणाला कोणाशेजारी बसवायचं, ही त्यांची जित्याची खोड. खोल्यासुद्धा ते सरळ वाटत नसत, कोडं घालत. आई मधल्या खोलीत. काका घोरतात म्हणून ते टोकाला. आणि आम्ही दोघी बहिणी लागून नकोत, कारण आम्ही भिंतीतूनही भांडू शकतो. एवढं पाळून सांगा, कोण कुठं? उत्तर ठरलेलं असे आणि ते ताईच देई. पहिलीत काका, दुसरीत ताई, तिसरीत आई, चौथी रिकामी, पाचवीत मी.

आईला काही हवं असलं की ती भिंतीवर टकटक करायची आणि ताई धावायची. मी पलीकडच्या टोकाला. सकाळी चहाच्या वेळी कळायचं की आईला रात्री धाप लागली होती, ताईनं पाठ चोळली, मग दोघी कितीतरी वेळ बोलत बसल्या. काय बोललात, असं विचारलं की दोघी एकमेकींकडं बघून हसायच्या. लोक म्हणतात शेंडेफळाचे लाड होतात. आमच्याकडं शेंडेफळ झाडावरच विसरले होते. मला सगळे ‘शेपूट’ म्हणत, आणि शेपटाची जागा कुठं असते ते तुम्हाला ठाऊक आहे. हो, माझ्या पोटात दुखायचं. चांगलं दुखायचं.

त्या वर्षी डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढच्या वर्षीचं काही धरून चालू नका. म्हणजे आईच्या भिंतीपलीकडं झोपायची माझी ती शेवटची संधी होती. काकांनी कोडं घातलं तशी ताई तोंड उघडायच्या आत मी बोलले. पहिलीत काका, दुसरीत ताई, तिसरीत आई, चौथीत मी आणि पाचवी रिकामी. सगळ्या अटी पाळल्या, एकही मोडली नाही.

मला वाटलं काका शाबासकी देतील. त्यांच्या हातातल्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या. ताई खाली बघू लागली.

“चौथी नको गं,” काका म्हणाले.

मी विचारलं, का नको? तशी अट कुठं आहे?

त्यांनी मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेलं. आई खुर्चीत डोळे मिटून बसली होती, तरी ते कुजबुजतच बोलले. “ती खोली रिकामी नसते. थोरलीची असते. वहिनींची एक बाजू तिच्यासाठी मोकळी ठेवावी लागते… नाहीतर ती जागा शोधत फिरते.”

थोरली म्हणजे ताईच्या आधीची. सहा-सात वर्षांची होऊन तापानं गेलेली. घरात तिचा विषय निघत नसे. खरं तर भीती वाटायला हवी होती, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंत बहीण पुढं होतीच, आता मेलेलीही माझ्या आधी रांगेत उभी? मी काकांच्या हातातून किल्ली ओढून घेतली.

दुपारी जेवणं झाली आणि धुकं उतरलं. वीज गेली. खोलीत भर दुपारी असा काळोख झाला की पलंगाचे पाय दिसेनात. मी आईच्या भिंतीला पाठ लावून पडले. पलीकडं तिचा श्वास ऐकू येत होता, घरघरणारा, सावकाश. इतक्या वर्षांनी तो माझ्या वाट्याला आला होता. मी तोंडभर हसले असेन.

मग वास आला. तापल्या अंगाचा, आणि कपाळावर ठेवून ठेवून आंबलेल्या ओल्या फडक्याचा. खिडकी बंद होती. मी कूस बदलली तशी गादी पायथ्याशी दबली… कोणीतरी हलकंसं माणूस बसावं तशी.

भिंतीवर टकटक झाली. आईची. तीन बोटांची, मऊ.

मी उठणार, तोच माझ्याच खोलीतून तिला उत्तर गेलं. पलंगाच्या पायथ्याकडून, भिंतीवर अगदी खाली, लहान मुलाचा हात पोचेल तिथं. टक… टक.

मी पाय पोटाशी ओढून घेतले. पण खरं सांगते, त्या भीतीतही मला एकच सुचलं. ती माझ्या आधी पोचेल. मी धडपडत, अनवाणी आईच्या खोलीत शिरले आणि तिच्या उशाशी गुडघे टेकले.

आईनं डोळे उघडले नाहीत. तिचा हात माझ्या डोक्यावर आला आणि फिरू लागला. जन्मात ती मला इतक्या मायेनं शिवली नव्हती.

“आलीस?” ती म्हणाली. “थोरले… आज उशीर केलास.”

मी सांगू शकले असते. आई, मी आहे, शेपूट. पण मग तो हात थांबला असता.

“हो आई,” मी म्हणाले. “आले.”

ती समाधानानं हसली. “धाकटीला सांगू नकोस हं तू येतेस ते. तिला फार हेवा वाटतो.”

तेवढ्यात बाहेरून, रांगेच्या टोकाच्या त्या पाचव्या खोलीतून आवाज आला.

“आई… मला का नाही बोलावलंस?”

आवाज माझा होता. ते कुरकुरणं, शेवटी रडवेलं होणं, सगळं माझं. हाच प्रश्न मी आयुष्यभर विचारत आले होते.

व्हरांड्यात ताईच्या चपला वाजल्या. आमचं दार सताड उघडं होतं. तिनं आत पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि दार हलकेच ओढून घेऊन पुढं गेली. मी हाक मारायला गेले, पण तोंडातून नुसतं कण्हणं निघालं. माझं अंग भाजत होतं.

टोकाच्या खोलीचं दार उघडल्याचं ऐकू आलं, आणि मग ताईचा दमलेला, समजावणीचा सूर. “रडू नकोस गं शेपटे… थोरली आहे ना आईपाशी. तू माझ्याजवळ बस.”

आईची बोटं माझ्या केसांत काहीतरी शोधत होती. माझे केस तर मानेवर कापलेले होते. तरी तिला वेणी सापडली, आणि ती सोडून आई नव्यानं पेड घालू लागली.