गाणारा बेहडा

जमिनीपासून शंभर फुटांवर, झाडांच्या शेंड्यांमधून जाणाऱ्या झुलत्या पुलावर सातव्या झाडाशीच गर्दी व्हायची. पर्यटक कानात रसकर्णी घालून डोळे मिटत आणि देवराईतला तो सर्वांत जुना बेहडा बासरी वाजवू लागे.

"काय गोड गातोय हो!" पुण्याच्या एक बाई म्हणाल्या.

"हो," सुगंधा गावकर म्हणाली. रिसॉर्टचा हिरवा शर्ट अंगात असताना गाईडने दुसरं काही म्हणायचं नसतं.

खोटं होतं ते. झाड तहानलं की खोडातल्या पाण्याच्या बारीक धारा तुटतात. दर तुटीला टक् असा आवाज होतो, माणसाला ऐकू न येणारा. तहानलेली झाडं वेळेत ओळखता यावीत, म्हणून कुणा भल्या माणसाने तो पकडणारी रसकर्णी बनवली. रिसॉर्टवाल्यांनी त्या टकटकीला बासरी जोडली. तहान जेवढी जास्त, तेवढी बासरी गोड! राईला खेटून त्यांच्या तीन बोअरवेल होत्या, आणि पुलाचे बोल्ट बेहड्याच्या आरपार गेले होते.

बासरी बंद करून मूळ आवाज सुगंधाने काल पहिल्यांदा ऐकला. मॅनेजरला सांगितलं, तर तो हसला. "अगं, लोक सुट्टीला येतात, सुतकाला नाही."

ज्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी नेत नसे, तिथे बोल्ट ठोकायची परवानगी दोन वर्षांपूर्वी देवाकडे मागितली ती तिच्याच बापाने. गावचा मानकरी तो. गाऱ्हाणं घातलं होतं, "ह्या झाडाक तरास झालो, तर आमका सांग रे म्हाराजा!" आणि सगळा गाव एका आवाजात म्हणाला होता, "व्हय म्हाराजा!" मग घरटी एक नोकरी आली. बापाला गेटवरची.

सुगंधा पूल उतरून थेट गेटवर गेली आणि बासरी बंद करून बापाच्या कानात रसकर्णी घातली. बेहड्याचा आवाज तिच्यात गेटपर्यंत पोचायचा.

"काय गे, म्हाताऱ्याक गाणी आयकवतंस?" तो हसला. मग कपाळाला आठ्या पडल्या. "ह्या काय? पापड भाजतत काय कोण?"

"बेहडो तहानलो आसा, बाबा. तुमीच म्हटलात ना, तरास झालो तर सांग? दोन वर्सां सांगता तो."

म्हातारा बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने डोक्यावरची रिसॉर्टची टोपी काढली, गेटला साखळी घातली आणि राईकडे तोंड करून हात जोडले. रांगेतले पर्यटक ओरडू लागले. गलका ऐकून हिरव्या शर्टातला सगळा गाव धावत आला.

"बा देवा म्हाराजा! तू सांगत होतस, आणि आमी गाणा म्हणान आयकत होतव. आजपासून हो पूल बंद!"

मानकऱ्याने इथे थांबायचं असतं. पुढचं गावाने म्हणायचं. हिरवे शर्ट एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. मॅनेजर जिना उतरत होता.

"व्हय म्हाराजा," सुगंधा म्हणाली. एकटीच.

बापाने मागे वळून पाहिलं नाही. जोडलेले हात तसेच होते. कानात टकटक चालूच होती. इतक्या वर्षांत असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे कोणालाच ठाऊक नव्हतं, एकटीचा होकार धरतात का?